‘ठाम’, ‘हटवादी’ आणि ‘असावा’

आपलं मत ठणकावून मांडणारा, पण कुणी चूक दाखवली की ते बदलणारा माणूस. त्याला मराठीत काय म्हणायचं? मांडण्यासाठी ठाम, आग्रही हे शब्द आहेत. बदलण्यासाठी घूमजाव, कोलांटउडी, पलटी मारणं, शब्द फिरवणं. सगळेच टोमणे! मला हे फार खटकतं. दिलेला शब्द फिरवू नये हे खरंच. पण मत म्हणजे काही कुणाला दिलेला शब्द नव्हे.

आग्रह, दुराग्रह, पूर्वग्रह या सगळ्यांतला ‘ग्रह’ म्हणजे धरणं. किती घट्ट धरलंय, ते आपली क्रियापदं फार नेमकं सांगतात. सकाळी पुण्यातला लॉ कॉलेज रस्ता ओला दिसला की आई म्हणते, “रात्री पाऊस झाला असावा.” ‘झाला असेल’ ही नुसती शक्यता. ‘असावा’च्या पाठीशी ओला रस्ता आहे. ‘झाला असणार’ म्हणणारा जवळजवळ पैजेला तयार असतो.

त्याच रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, ते १९६६ साली पुरं झालं. शेकडो हस्तलिखितं ताडून संपादकांनी पाठ, म्हणजे श्लोकातले नेमके शब्द, ठरवला आणि छापला. मात्र जिथे पुरती खात्री नव्हती, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ओळीवरून बोट फिरवत थांबले. श्लोक पूर्ण आहे, कुठे रिकामी जागा नाही, आणि दोनतीन अक्षरांखाली ती बारीक लाट. छापील ‘असावा’च तो.

तर बदललेल्या मताला मानाचा शब्द कोणता?

प्रतिसाद : ‘पटणं’ कसं विसरलात? “तुझं पटलं” म्हणताना मान खाली घालावी लागत नाही. शिवाय ‘तुझं’ म्हटल्यामुळे ज्यानं दाखवून दिलं त्याचं श्रेयही त्याला मिळतं. ‘उमगलं’ म्हटलं तर ते आपलं आपल्याला.

उत्तर : पटलं. ‘सगळेच टोमणे’ हे माझं विधान मागे घेते. ‘पटणं’ रोजच्या तोंडातलं, म्हणूनच नजरेतून सुटलं. तरी एक अडचण उरते. ‘पटलं’मध्ये आधीच्या मताचा मागमूस राहत नाही, महाभारताच्या त्या आवृत्तीत मात्र नाकारलेला पाठही पानाच्या तळाशी शाबूत असतो. ‘आधी असं वाटायचं, आता असं वाटतं’ हे एका शब्दात कुठे बोलतात का? वऱ्हाड, खानदेश, कोकणाकडच्यांनी जरूर सांगा.