निरोपाचा दौरा, अर्धवट गाणी: बडी गायच्या मैफलीला जावं का?

तिसरी_घंटा
फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारातला गिटारवादक-गायक बडी गाय वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला आला होता. वय ८६, निरोपाचा दौरा. तेव्हापासून मित्रांशी वाजलंय. माझं म्हणणं, माणूस थोर, पण मैफल म्हणून हाती काय लागतं? जुना ब्लूज गायक जॉन ली हूकरच्या दोन ओळी, रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची एक झलक, मध्येच गाणं सोडून गप्पा, मग पोटावर गिटार घासणं. त्याच्या कार्यक्रमांत कित्येक वर्षं हेच चाललंय. तिकिटाचे पैसे पूर्ण आणि गाणी अर्धी?

खर्ज
अहो, रेकॉर्ड ऐकायची तर घरी ऐका की! लुईझियानात तरुणपणी त्यानं गिटार स्लिम या ब्लूज गिटारवादकाला लांबलचक वायर लावून वाजवत प्रेक्षकांतून येताना पाहिलं. १९५७ला शिकागोत आल्यावर क्लबांत स्वतः तेच केलं. म्हणजे हा नाटकीपणा म्हातारपणी बोटं थकली म्हणून आलेला नाही. आणि त्याची खरी करामत वेगळीच आहे. तो बँडला हळूहळू इतका खाली आणतो की गिटार जेमतेम ऐकू येते, अख्खा हॉल गप्प होतो आणि मग एकच स्वर कानफटात मारल्यासारखा. हे रेकॉर्डवर कुठून मिळणार?

पावभाजी_विदाउट_बटर
निरोपाबद्दलही बोला कुणीतरी. २०२३ला निरोप, २०२५लाही स्टेजवर. 'शेवटचे ५ प्रयोग' म्हणत वर्षभर चालणारी नाटकं आठवली.

खर्ज
लांबचे दौरे संपले म्हणजे गिटार खुंटीला टांगली असं थोडंच आहे? शिकागोत १९८९पासून त्याचा स्वतःचा 'लेजंड्स' क्लब आहे. तिथे वाजवू नये का त्यानं?

उत्तररात्र
२००७च्या सवाईत भीमसेनजी गायले तेव्हा पूर्वीचा दमसास कोण मोजत बसलं होतं? काही मैफलींना माणूस ऐकायला जायचं असतं.

तिसरी_घंटा
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. पंडितजी जेवढं झेपलं तेवढं गायले, पण गायलेच. मध्येच दुसऱ्यांच्या नकला नाही करून दाखवल्या. बडीला शांत वाजवता येत नाही असंही नाही. ब्लूज गायक मडी वॉटर्सचा १९६४चा 'फोक सिंगर' हा अल्बम ऐका. त्यात अकूस्टिक गिटार बडीची आहे, एक स्वर जास्तीचा नाही. म्हणून तर राग येतो.

खर्ज
त्याच काळात चेस रेकॉर्ड्स या शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीवाले त्याला मोठ्यानं वाजवू देत नव्हते, हेही सांगा ना. तो संयम अर्धा मालकांचा होता! आणि नकला कसल्या? हूकर, मडी यांना जवळून पाहिलेले आता उरलेत किती? सवाईत श्रोता ऐकायलाच येतो. बारमध्ये लोक पिण्यात नि बोलण्यात दंग. त्यांना ग्लास खाली ठेवायला लावणं हीच तिथली तालीम.

पावभाजी_विदाउट_बटर
मेहबूब स्टुडिओत तर लोक मोबाइलही खाली ठेवत नाहीत 😄

तिसरी_घंटा
ठीक, बारमध्ये मान्य. मोठ्या फेस्टिव्हलला नाही. तेवढ्याच पैशांत मी किंगफिश इन्ग्राम या तरुण ब्लूज गिटारवादकाला ऐकेन. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा पोरगा, जन्म १९९९चा, गाणं सुरू करतो ते संपवतो.

खर्ज
जरूर ऐका. त्याच्या २०१९च्या पहिल्याच अल्बममध्ये एका गाण्यात साथीला कोण आहे, तेही बघा. बडी गायच. आणि ते गाणं पूर्ण आहे हो!