स्लो कुकरमध्ये आठ तास ठेवूनही मटण वातड, सॉस पाणीदार. मदत हवी आहे (रविवारच्या आत)

अमळनेरकरीण (गुरुवार, रात्री ९:४०)
रविवारी पुण्याहून नणंद आणि तिची मुलं येताहेत. मुलांना पास्ता हवा, आणि मी फोनवर फुशारकी मारून बसले की मामी मटणाचा घट्ट सॉस करून घालेल. आज रंगीत तालीम केली. विजेवरच्या स्लो कुकरमध्ये आठ तास मंद आचेवर ठेवलं. वर पाणी, खाली तुकडे. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात घेतला आणि कवळी काढून ठेवली.
सगळं कृतीत लिहिल्याप्रमाणेच केलंय. नेमकं काय चुकलं? शनिवारी मटण आणायचंय, लवकर सांगा.

भुसावळ_जंक्शन (रात्री ९:५२)
ताई, कृती कुठली ते आम्हाला कसं दिसणार? खिमा की तुकडे? टोमॅटो किती? पाणी घातलं का? लो की हाय? मध्ये लाईट गेली होती का?
(स्लो कुकर लागतोच कशाला? साध्या कुकरला पाच शिट्ट्या द्या, विषय संपला.)

अमळनेरकरीण (रात्री ९:५८)
तुकडेच, मांडीचे, एक किलो. टोमॅटो दीड किलो. पाणी दोन वाट्या, नाहीतर करपेल ना. लो. लाईट अजिबात गेली नाही, मी घरातच होते.
शिट्ट्यांचं मला येतं हो. स्लो कुकरचं विचारलंय.

केळीचं_पान (रात्री १०:१५)
पाणीदार का झालं ते यातच आहे. स्लो कुकरच्या झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन परत भांड्यातच पडते, आटत काही नाही. करपण्याची भीती गॅसवर असते, इथे आच अगदी मंद. दीड किलो टोमॅटोंनी स्वतःचंच पाणी सोडलं, त्यात तुमच्या दोन वाट्या. मी किलोला तीन-चार टोमॅटो घेते आणि तेही आधी कढईत तेल सुटेपर्यंत परतून. वरून पाणी थेंबभरही नाही. शेवटचा अर्धा तास झाकण काढून हायवर, तरी पातळ वाटलं तर सरळ कढईत ओतून आटवायचं.
मटण आधी परतलं होतं का? कोरडं करून, थोडं थोडं, तपकिरी होईस्तोवर? सगळं एकदम टाकलं की ते परतलं जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतं. स्लो कुकर शिजवतो, खरपूस चव देत नाही. ती आधी कढईतच आणावी लागते.
आणि मांडी नको. खाटकाला खांदा आणि नळी मागा. चिवट भाग हळूहळू शिजला की त्यातला चिकटपणा रश्शात उतरतो, सॉसला अंग त्यानेच येतं.

शुद्ध_रागू (रात्री १०:३१)
सगळ्यांना नमस्कार. मुळात तुकड्यांचा विषयच नाही. इटलीतल्या बोलोन्या शहराचा रागू, म्हणजे पास्त्याचा मांसाचा सॉस, बारीक मांसाचा. १९८२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे त्याची कृती रीतसर नोंदवली गेली आहे. त्यात गाजर, सेलरी, कांदा, वाइन आणि दूध आहे. लसूण नाही! टोमॅटो नावापुरता. शिवाय तो स्पॅगेटीवर नाही, ताल्यातेल्लेवर, म्हणजे चपट्या फितीसारख्या पास्त्यावर घालतात.

तापीकाठचा (रात्री १०:४०)
लसूण नाही आणि मटण? मग त्याला दवाखान्यातलं जेवण म्हणा.
ताई, मी काय सांगस ते आयक. चुल्हावर ठेव, काळा मसाला टाक. बोलोन्याहून कोणी तपासायला येत नाही.

शुद्ध_रागू (रात्री १०:४४)
काळा मसाला घातला की तो रस्सा. रस्सा उत्तमच असतो, पण मग धाग्याचं नाव बदला.

मेथीची_जुडी (रात्री १०:५०)
मटणाऐवजी राजमा घालून बघा, तितकाच दमदार सॉस होतो. रात्री भिजवून सकाळी थेट स्लो कुकरमध्ये.

केळीचं_पान (रात्री १०:५५)
थेट नको!! राजम्यात एक विषारी घटक असतो. तो खळखळ उकळल्याशिवाय जात नाही आणि लोवर तेवढी आच मिळेलच असं नाही. भिजवलेलं पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास चांगला उकळा, मगच स्लो कुकरमध्ये. हे विचारलं कोणी नव्हतं, पण कोणीतरी वाचून करेल म्हणून लिहिलं.

अमळनेरकरीण (रात्री ११:०५)
केळीचं पान, पाण्याचं पटलं. मटण परतलं नव्हतं, कबूल. पण वातड का? आठ तासांत दगड शिजला असता. यांनी दोनतीनदा झाकण उघडून पाहिलं, त्याने एवढं होतं का?

भुसावळ_जंक्शन (रात्री ११:०९)
झाकण उघडलं की दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं वाढवून धरायची. तरी आठ तासांत मांडी मऊ व्हायलाच हवी. एक सांगा, चालू असताना रश्श्यात बुडबुडे दिसत होते का? भांडं हाताला चटका देत होतं?

अमळनेरकरीण (रात्री ११:१४)
बुडबुडे नव्हते. भांडं कोमट-गरम. चटका त्या डबड्याचा बसत होता.

भुसावळ_जंक्शन (रात्री ११:१५)
कुठलं डबडं?

अमळनेरकरीण (रात्री ११:१९)
कुकर दिरांनी अमेरिकेहून आणलाय, तिथलं करंट वेगळं असतं म्हणून मध्ये डबडं लावतात ना, ते. बाजारात मिळालं. सगळ्यांना माहीत असतं म्हणून लिहिलं नाही.

वायरमन_आबा (रात्री ११:२७)
झोपायला चाललो होतो. बेटा, कुकरच्या बुडाशी काय लिहिलंय आणि डबड्यावर काय लिहिलंय, दोन्ही वाचून सांग.

अमळनेरकरीण (रात्री ११:३३)
कुकर: १२० व्होल्ट, २४० वॅट. डबडं: २३० ते ११०, १०० वॅट.

वायरमन_आबा (रात्री ११:४१)
सापडलं. १०० वॅटच्या ट्रान्सफॉर्मरवर २४० वॅटचा बोजा. बैलगाडीत ट्रकचा माल. तो तापतो, आतली सुरक्षा त्याला बंद करते, गार झाला की परत चालू. तुझा कुकर आठ तास चालला नाही, अधूनमधून चालला. आधी तो ट्रान्सफॉर्मर सॉकेटमधून काढ. स्वस्तातल्या डबड्यात ही सुरक्षाही नसते, मग तो जळतो.
दोन्हीवरच्या आकड्यांचा मेळ हवा. निदान ५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर घे, वजनाला जड असतो. चार्जरएवढा हलका लागला तर घेऊ नको.

तापीकाठचा (रात्री ११:४६)
आबा, डबडं काढून थेट आपल्या बोर्डात लावला तर? जास्त करंट, लवकर शिजेल.

वायरमन_आबा (रात्री ११:५०)
लवकर जळेल. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की उष्णता साडेतीन पटीच्या वर जाते. २४० वॅटचं यंत्र पावणेनऊशे खेचेल. असले सल्ले देऊ नकोस रे भो.

केळीचं_पान (रात्री ११:५५)
ताई, आणखी महत्त्वाचं. ते मटण आता कुठे आहे? कोमट भांड्यात आठ तास म्हणजे जंतूंची चंगळ. ५ ते ६० अंशांच्या मध्ये मांस दोन तासांवर ठेवू नये. परत उकळूनही काही विषं जात नाहीत. टाकून द्या.

अमळनेरकरीण (रात्री ११:५९)
फ्रीजमध्ये आहे. आठशे रुपये गेले. टाकते. सासूबाईंनी एक तुकडा चावून थुंकला होता, बऱ्या आहेत.

मेथीची_जुडी (शुक्रवार, सकाळी ७:२०)
राजमा असता तर एवढं नुकसान झालं नसतं, असं मला वाटतं.

अमळनेरकरीण (रविवार, रात्री ९:१०)
५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर अमळनेरात मिळाला नाही, जळगावला जायला वेळ नव्हता. जाड बुडाच्या पातेल्यात गॅसवर केलं. खांदा आणि नळी, तीन हप्त्यांत खरपूस परतून. चार टोमॅटो, गाजर, कांदा. शुद्ध_रागू, माफ करा, लसूण घातला. शेवटी अर्धी वाटी दूध, ते मात्र तुमचं ऐकून. मंद आचेवर अडीच तास, मधे मधे तळ हलवत. मटण काट्याने सुटायला लागलं. पास्ता उकडलेलं पाणी दोन पळ्या घातलं, सॉस छान चिकटला. मुलांनी ताटं चाटली.

शुद्ध_रागू (रात्री ९:१८)
दुधाबद्दल आभार. लसणाबद्दल बोलत नाही.

भुसावळ_जंक्शन (रात्री ९:२५)
साध्या कुकरला पाऊण तासात झालं असतं. सॉस उरला का? उरला असेल तर उद्या गरम करून वर तिखट शेव टाका, भाकरीबरोबर.

अमळनेरकरीण (रात्री ९:३१)
सासऱ्यांनी टेबलावरच टाकली. पास्त्यावर. शुद्ध_रागू, तुम्ही हे वाचू नका.