आजोबांच्या नावची बंदूक: वारसाच्या नावे करायची, की जमा करून मोकळं व्हायचं?

जांबोटीकर
बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यातल्या जुन्या घरांत बंदूक असायचीच. परवानाधारक गेला की पोरं ‘कटकट नको’ म्हणून ती स्टेशनात जमा करतात आणि विसरतात. जमा करणं कायद्यानं भागच आहे, पण तिथंच सोडू नका. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मिळण्याची सोय आहे. धारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली, की हयातीतच वारस नेमता येतो. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातलं काम तेव्हाच उरकलं तर नंतर भावाभावांत संमतीच्या सह्यांवरून रुसवेफुगवे नकोत. 1857 च्या इंग्रजांच्या शस्त्रबंदीविरुद्ध मुधोळ संस्थानातल्या हलगलीचे बेडर जिवानिशी लढले, आणि आपण आपणहून नेऊन देतोय.

टिळकवाडी_७
अण्णा, हलगली ठीक आहे, पण ठेवून करायचं काय? शिकार कायद्यानं बंद. पीक राखायला ठासणीच्या (तोंडाकडून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचा परवाना मिळतो खरा, पण त्यानं रानडुक्कर मारायची मुभा मिळत नाही. त्याला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी. 2019 च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं, वारशाची धरून. दर 5 वर्षांनी नूतनीकरण. निवडणूक आली की जमा करा, निकालानंतर आणा, आणि मधे पावसाळा आला तर खोलीतल्या ओलीनं नळीला खड्डे.

त्यात सगळ्यात वाईट म्हणजे भरलेली बंदूक. ठासणीच्या बंदुकीत बार (भरलेली दारू-गोळी) आत आहे का ते वरून दिसत नाही. तोंड माणसांपासून दूर धरून गज हळू आत सोडा, नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. बाहेर काढून तोच गज नळीला बाहेरून लावून धरा. टोक टोपीच्या बोंडापाशी (मागं पेटवायची टोपी बसते तिथं) पोचलं तर रिकामी. तीन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे असंच धरायचं, गंजाचा गोळा असला तरी. कोरडी राहिलेली काळी दारू दोन पिढ्यांनीही पेटते. काढायचं काम परवानाधारक कारागिराचं, घरात खरवडायचं नाही.

दस्ता_आणि_चाप
दोघांचंही एक राहिलं. आधी ती आहे काय ते बघा. आपल्याकडं सगळ्यालाच रायफल म्हणतात. मागून उघडणारी असेल तर रिकामी असल्याची खात्री करून, उघडून नळीतून उजेडाकडं बघा: आत पिळाचे आटे दिसले तर रायफल, आरशासारखी गुळगुळीत असेल तर छऱ्याची बंदूक. परवान्याचा प्रकार त्यावर ठरतो.

जुनी विलायती दुनळी बाराबोअर असेल आणि नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली नळी. आजचं बिनधुराच्या दारूचं काडतूस तिच्यात घालू नका. शिवाय नळीतलं काडतूस बसायचं जुनं घर अडीच इंची, आजचं काडतूस बहुधा पावणेतीन इंची. गंमत म्हणजे ते आत बसतं! कारण पुढचं दुमडलेलं तोंड बार उडतानाच उलगडतं. ते अरुंद जागेत उलगडलं की दाब वाढतो.

आणि घरातल्या गोष्टी. ‘आमची कित्तूरच्या लढाईतली’ हे फार ऐकू येतं. लढाई 1824 ची. तेव्हा इथं तोड्याच्या (जळत्या वातीनं पेटणाऱ्या) नाहीतर चकमकीच्या बंदुका. टोपीचा घोडा असेल तर एक तर ती नंतरची, नाहीतर मागाहून बदललेली. बदललेली असेल तर घोड्याच्या पट्टीवर बुजवलेली स्क्रूची भोकं सापडतात.

जांबोटीकर
हे पटलं. पण खड्डे पडतात ते स्टेशनामुळंच असं नाही. काळ्या दारूचा मळ ओल ओढतो आणि नुसत्या तेलानं निघत नाही. कढत पाण्यानं धुवा, लगेच कोरडी चिंधी फिरवा, मग मशीनच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल नको, चिकट होऊन घोडा अडकतो. चामड्याच्या गवसणीत ठेवू नका. उभी ठेवायची तर तोंड खाली, नाहीतर तेल दस्त्यात उतरून लाकूड मऊ पडतं. खंडेनवमीला लिंबू आणि ओलं कुंकू नळीला लागतं ते त्याच दिवशी पुसा. लिंबाच्या आंबटानं नळीचा काळा रंग उडतो आणि तिथूनच गंज धरतो.

निपाणी_नाका
कोडगूत (कुर्गात) कोडव लोकांना परवान्यातून सूट, तीही 2029 पर्यंत वाढवलेली. आपल्या मुलखानं काय घोडं मारलंय?

टिळकवाडी_७
ते मागत बसा. माझा प्रश्न साधा आहे: शोभेलाच ठेवायची तर निकामी का करू नये? दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला शस्त्र कायदा लागूच नाही.

दस्ता_आणि_चाप
‘दुरुस्त करूनही’ हेच शब्द वाचा. बोंडाचं भोक वेल्डिंगनं बुजवलं तर कारागीर ते तासाभरात उघडतो, म्हणजे ती निकामी ठरत नाही. आणि वेल्डिंगवाल्याकडं नेण्याआधी वरची गजाची खूण करून बघा. आत बार असेल तर त्या आचेनं तो तिथंच उडेल.