वीरगळ, सतीशिळा, गधेगळ: पत्र्यावर नेमकं काय लिहायचं?

प्रश्न

आमच्या फाट्यावर पिंपळाखाली तीन जुने दगड आहेत. रस्ता रुंद करताना ते ओळीत उभे केले आणि मागे निळा पत्रा ठोकला: 'शिवकालीन वीरगळी'. पण एका दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आहे, वीर कुठेच नाही. दुसऱ्यावर खाली चक्क गाढव. तिसऱ्यावर तेवढे ढाल-तलवारवाले. तिन्ही वीरगळच का? आणि 'वीरगळी' बरोबर का? पत्रा पुन्हा रंगवायचाय.

प्रतिसाद

दादा, वीरगळ फक्त तिसरा. हल्ली शेंदूर फासलेला कुठलाही कोरीव दगड दिसला की 'वीरगळ' म्हणायची पद्धत पडली आहे.

यातला 'गळ' मासे धरायचा नव्हे. कानडीत कल्लु म्हणजे दगड, समासात 'क'चा 'ग' होऊन वीरगल्लु, त्यावरून आपला वीरगळ. लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा हा दगड खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत आडवा पडलेला वीर किंवा चकमक. तिथे गाई कोरल्या असतील तर गुरं पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो गेला, असं समजतात. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, आणखी वर तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर कलश. बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. गंमत बघायची तर बोरिवलीजवळच्या एकसरला जा. तिथल्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं आहेत, समुद्रातली लढाई! कोकणचा शिलाहार घराण्यातला राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात 1265च्या सुमारास झालेल्या युद्धाशी अभ्यासक ती जोडतात.

'शिवकालीन' मात्र पुसाच. बहुतेक वीरगळांवर अक्षरही नसतं, ना नाव ना साल. बरेचसे शिलाहार-यादवांच्या काळातले, म्हणजे महाराजांच्या कितीतरी आधीचे. जुनं दिसलं की शिवकालीन, हा आपला जुना रोग.

प्रतिसाद

हात आहे ती सतीशिळा. आमच्याकडे बायका 'सतीचा हात' म्हणतात. बांगड्या म्हणजे सौभाग्य अखंड राहिलं, असा अर्थ. एकाच दगडावर खाली लढाई आणि शेजारी हा हात, असंही सापडतं, तेव्हा नाव देताना घोळ होतो. तुमच्याकडे हात एकटाच आहे, त्यामुळे प्रश्न नाही.

प्रतिसाद

गाढवाचा दगड म्हणजे गधेगळ. तिघांत सगळ्यात मोलाचा, तो नीट जपा. ते कोणाचं स्मारक नाही, ती सरळसरळ धमकी आहे. राजाने देवळाला किंवा कोणाला जमीन दिली की असा दगड रोवायचे. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली गाढव आणि बाई. हे दान जो मोडेल त्याच्या आईची काय गत होईल ते चित्रात दाखवलेलं, वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. परळला सापडलेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या लेखात (शके 1108, म्हणजे इ.स. 1187) सगळा मजकूर संस्कृत, पण हा शाप तेवढा मराठीत, आणि तोही इथे लिहिता येणार नाही अशा शब्दांत. शिवी आपल्या भाषेत दिली तरच लागते, हे शिलाहारांनाही ठाऊक होतं.

मधल्या भागावर शेंदूर किंवा ऑइलपेंट असेल तर खरवडू नका, अक्षरं जातील. पुरातत्त्ववाल्यांना दाखवा.

प्रतिसाद

मग गधेगळमधला 'गळ'ही कानडी दगडच ना?

प्रतिसाद

इथे दोन मतं आहेत ताई. काहीजण वीरगळच्या चालीवर दगडच धरतात. मला दुसरं पटतं: गाळ म्हणजे शिवी. 'शिवीगाळ' आपण रोज म्हणतो, त्यातला गाळ तोच, संस्कृत 'गालि'वरून आलेला. म्हणून 'गद्धेगाळ', 'गधेगाळ' असंही लिहितात. पुढे वीरगळच्या संगतीने त्याचंही 'गळ' झालं असावं. दगड तर वीरगळही आहे आणि सतीशिळाही, पण शिवी फक्त यावर आहे.

प्रतिसाद

लिंगाचं राहिलं. 'तो वीरगळ, ते वीरगळ' आणि 'ती वीरगळ, त्या वीरगळी' दोन्ही छापलेलं सापडतं. मी पुल्लिंगी वापरतो, 'तो दगड' डोक्यात असतो म्हणून. 'वीरगळी' चूक म्हणता येणार नाही. एका पत्र्यावर मात्र एकच धरा, नाहीतर वर 'वीरगळी' आणि खाली 'हा वीरगळ' होतं.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. 'सतीशिळा', 'गधेगळ' आणि 'वीरगळ' असे तीन वेगळे पत्रे करायचं ठरतंय. गधेगळाखाली 'दान मोडणाऱ्यास शाप' एवढंच लिहू का? समोरच शाळा आहे.

प्रतिसाद

तेवढंच लिहा. बाकी पोरं चित्रावरून ओळखतील.