टँकरमधलं दूध पुण्यात पोचेपर्यंत आंबूस का होतं?

प्रश्न: सांगलीत ४ अंशाला भरलेलं दूध पुण्यात ८ वर जातं, आम्लताही वाढलेली. टाकी इन्सुलेटेड आहे. काय तपासू?

उत्तर: मॅनहोलचं, म्हणजे टाकीच्या वरच्या झाकणाचं, रबरी गॅस्केट (सील) काढून खाचेत बोट फिरवा. पिवळट, चिकट थर लागला तर जंतूंचं घर तिथंच. दूध बाहेर काढायचा आउटलेट व्हॉल्व्हही पूर्ण खोला. धुताना आधी साधं पाणी, मग ७० अंशाचं १ टक्का कॉस्टिक सोड्याचं पाणी, परत साधं पाणी. सुरुवातीलाच कडकडीत गरम पाणी मारलं की प्रथिनं पत्र्याला धरतात, मग घासत बसा.

उत्तर: धुतल्यावर टाकी गरम असतानाच भरता का? शेवटी गार पाणी मारा.

उत्तर: अर्धी टाकी नेऊ नका दादा. कमी दूध लवकर तापतं, शिवाय खंबाटकी घाटाच्या उतारावर हिंदकळून मागून ढकलतं. उतार लागायच्या आधी, वरूनच लहान गियर टाका.