खवट, खवचट आणि 'मला होत नाही' : एक क्रियापद हवं आहे

फुटाळाकाठ :

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. परवा टाकी पुसायला आई जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडून बसली आणि त्यातून एक काळा टी-शर्ट निघाला. छातीवर 'पेनी आर्केड'. २००७ साली मित्र प्रोजेक्टवर सिएटलला गेला होता, त्याच्याकडून हट्टानं मागवलेला. आई म्हणाली, "हा होत नाही ना रे आता तुला? घेऊ पुसायला?" मी म्हटलं घे. तेवढ्यात भाचा टपकला. "मामा, हे काय आहे?" गेम खेळणाऱ्यांसाठीचं कॉमिक, नेटवर यायचं, आम्ही कॉलेजात असताना वाचायचो, असं सांगितलं. "आता नाही वाचत? काहून? बंद झालं?"

बंद झालेलं नाही, चालू आहे. मग काय झालं? ते सांगायला मला क्रियापदच सापडेना.

इंग्रजीवाले 'आउटग्रो' म्हणून मोकळे होतात. 'मी त्यातून मोठा झालो' असं मराठीत म्हटलं तर एक तर ते उसनं वाटतं, आणि दुसरं म्हणजे त्यात स्वतःचीच पाठ थोपटल्यासारखं होतं. 'सोडलं' म्हणावं तर तंबाखू सोडल्यासारखं. 'कंटाळा आला' हे तर सरळ खोटं. कंटाळा आलेली वस्तू माणूस सहा महिन्यांनी पुन्हा हातात घेतो. मी हे पुन्हा उघडलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : माइक क्राहुलिक चित्रं काढतो, जेरी होल्किन्स लिहितो. नोव्हेंबर १९९८ पासून, सोमवार-बुधवार-शुक्रवार, बहुतेकदा तीन चौकटी. गेम कंपन्यांची यथेच्छ टर उडवायचे. धरमपेठेतल्या नेट कॅफेत चित्र वरून खाली हळूहळू उतरायचं. तिसरी चौकट येईपर्यंत आम्ही तिघं एकाच खुर्चीवर रेलून बसलेलो असायचो. एवढं प्रेम होतं. तर त्या प्रेमाचं जे झालं, त्याला एक शब्द द्या.

मोडीवाचक :

'विटणे'. मन विटलं. दुसरं काही शोधायची गरज नाही.

गंमत म्हणून सांगतो : 'ती वीट' भिंतीत बसते आणि 'तो वीट' येतो. लिंग बदललं की अर्थ बदलला. माझी आजी अचलपूरची, ती 'मले त्याचा ईट आला' म्हणायची. विहिरीची इहीर आणि विस्तवाचा इस्तो होतो, त्याच चालीनं. लहानपणी मला वाटायचं आजीच्या अंगावर कुणी वीट टाकली.

'विटणे' रंगालाही लागतं. म्हणजे तुमच्या काळ्या टी-शर्टाला आणि तुमच्या मनाला एकच क्रियापद पुरेल.

कोराडीरोड :

काहून बे एवढं डोकं लावून राहिला? 'मन उठलं' म्हण ना. आमच्याकडे तेच म्हणतेत.

फुटाळाकाठ :

कोराडीरोड, 'मन उठलं' झकास आहे, पण ते माणसावरून किंवा गावावरून उठतं. कॉमिकवरून उठलं म्हटलं तर भाचा हसेल.

मोडीवाचक, 'विटणे'त मला एक अडचण दिसते. आठवडाभर रोज श्रीखंड खाल्लं तर मी विटेन, पण त्यात श्रीखंडाचा काय दोष? अतिरेक माझा. इथं तसं नव्हतं. आठवड्याला तीन वेळा, दोन मिनिटांचं वाचन, त्याचा अतिरेक कसा होणार? मला ज्या शब्दात त्या वस्तूतही काही बिघडल्याचं कळतं, तो हवा आहे.

इतवारीची सून :

मग 'खवट' घ्या. सासरी तेलघाणी होती, त्यामुळे या शब्दावर माझा थोडा हक्क आहे.

नासणं, आंबणं आणि खवटणं ही तीन वेगळी मरणं आहेत. दूध नासतं. वरण आंबतं, ते हवेतल्या जिवाणूंमुळे आणि आपल्या उन्हामुळे. पण आंबण्यातून कधी चांगलंही निघतं, ताक, इडली, अंबील. खवट होणं तसं नाही. खवट होतं ते तेल असलेलंच : शेंगदाणे, खोबरं, तीळ, आणि सगळ्यांत लवकर जवस. जवसाच्या तेलाचा अर्ध्याहून जास्त भाग असा असतो की तो हवेतला प्राणवायू भराभर धरतो. म्हणून तर ते रंगकामात वापरतात, लावलं की सुकून घट्ट होतं. जवसाची चटणी ताजी कुटलेली असेल तर बोटं चाटत राहाल. तीच महिनाभर डब्यात राहिली तर घास थुंकावा लागतो. बाहेरून कुणी काही टाकलेलं नसतं. ज्या तेलानं चव होती तेच तेल उलटतं. आणि खवट झालेल्या वस्तूला परत चांगलं करायची कुठलीही युक्ती कुठल्याही सासूला ठाऊक नाही.

तुमच्या कॉमिकची चव कशानं होती? जिभेच्या धारेनं. बिघडलं ते कशानं, ते तुम्हीच सांगा.

फुटाळाकाठ :

त्याच जिभेनं. सांगतो.

ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी एक चित्र काढलं. विषय चांगला होता. ऑनलाइन गेममध्ये 'पाच गुलाम सोडवा' असं काम मिळतं. नायक पाच सोडवतो, सहावा गयावया करतो, आणि नायक म्हणतो की माझे पाच झाले. गेमच्या हिशेबी शौर्यावर नेमका टोला. पण सहाव्या गुलामाच्या तोंडी आपल्या हालांचं वर्णन घातलं, त्यात बलात्काराचा उल्लेख गमतीसाठी वापरला. काही वाचकांनी, त्यात स्वतः ते भोगलेल्याही होत्या, हे खुपलं असं लिहिलं.

इथपर्यंत मी कॉमिकच्याच बाजूनं होतो, लपवत नाही. पुढचं बघा. उत्तर म्हणून त्यांनी तक्रार करणाऱ्यांची खिल्ली उडवणारं दुसरं चित्र काढलं. मग त्या विनोदावर टी-शर्ट विकायला काढले. २०११ च्या सुरुवातीला ते विक्रीतून काढले. २०१३ मध्ये त्यांनीच भरवलेल्या गेमवाल्यांच्या जत्रेत, भर मंचावर, क्राहुलिक म्हणाला की ते शर्ट विक्रीतून मागे घेणं ही चूक होती, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. नंतर त्यानं माफीही मागितली. पण मला त्या टाळ्या लागल्या. चित्र दोन माणसांचं होतं. टाळ्या आमच्या होत्या, माझ्यासारख्या शर्टवाल्यांच्या.

हे सगळं एका दिवसात कळून मी ते सोडलं असंही नाही. बुधवारचं बघायचं राहिलं, मग शुक्रवारचं.

मोडीवाचक :

'विटणे' मागे घेतो. पण मग 'खवचट' आणि 'खवट' यांत घोळ करू नका. हल्ली लोक सर्रास एकाच्या जागी दुसरा लिहितात. खवचट बोलणं ही कला आहे, त्याला टोक असतं, नेम असतो. खवट बोलण्याला नुसता वास असतो. खवचट माणसाशेजारी लग्नात बसायला मजा येते, खवट माणसाशेजारची खुर्ची रिकामी राहते.

इतवारीची सून :

आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर कसं होतं तेही बघा. सासूला टोमणा मारणारी सून खवचट. तीच सून पंचवीस वर्षांनी सासू झाली आणि जीभ तशीच ठेवली, की खवट. शब्द तेच असतात हो, ओटा बदललेला असतो.

फुटाळाकाठ :

सूनबाई, हे मी चोरणार आहे.

कारण नेमकं हेच झालं. १९९८ मध्ये ते विशी-बाविशीतले दोन पोट्टे होते, समोर मोठाल्या कंपन्या. शिव्या खालून वर जात होत्या. २००४ पासून त्यांची स्वतःची जत्रा भरायला लागली, पॅक्स, आणि तिथं गर्दी हजारोंनी होत गेली. ज्या कंपन्यांची टर उडवायचे त्या आता त्यांच्याकडे भाड्यानं गाळे घ्यायला लागल्या. घर त्यांचं झालं. जीभ मात्र घराबाहेर उभ्या असलेल्या पोराचीच राहिली, आणि ती आता खाली पडायला लागली.

न्यायाचं तेही लिहितो : याच लोकांनी २००३ मध्ये रुग्णालयातल्या मुलांना खेळणी आणि गेम पोचवायचं 'चाइल्ड्स प्ले' सुरू केलं आणि ते काम टिकलं. म्हणून 'नासलं' हा शब्द मला चालणार नाही. नासलेलं सगळंच ओतून देतात.

तिसरीचौकट :

उलटं उदाहरण देऊ का? 'कंट्रोल ऑल्ट डिलीट'. तेही गेमवालं कॉमिक, २००२ चं. सगळा धांगडधिंगा. आणि २ जून २००८ ला लेखकानं एकदम चार मुक्या चौकटी टाकल्या : नायक धावत रुग्णालयात येतो, विचारतो, डॉक्टरला भेटतो, शेवटी नायिका पलंगावर, गर्भपात झालेला. लोकांनी हळहळायच्या ऐवजी त्याची इतकी टिंगल केली की आता चार चौकटींत नुसत्या रेघा मारल्या, एक, दोन, दोन, आणि मग एक उभी एक आडवी, तरी ओळखणारे ओळखतात.

म्हणजे हे कॉमिक मोठं व्हायला गेलं आणि वाचक म्हणाले, होऊ नको. मग इथं कोण कुणाला 'होत नव्हतं'? याला खवट म्हणता येईल का?

मोडीवाचक :

नाही. याला 'बेताल' म्हणतात. तमाशात सोंगाड्यानं मध्येच कीर्तन सुरू करावं, तसं. दुःख खरं असेल, पण ताल चुकला. त्यावर पिढीभर रेघा मारत बसणाऱ्यांना काय म्हणायचं, तो वेगळा धागा काढा. माझ्याकडे 'कुचेष्टा' तयार आहे.

कोराडीरोड :

'उतरणे' कोणीच म्हटलं नाही. मनातून उतरलं. भाजी पण उतरते. मे महिन्यात सकाळची भाजी दुपारी उतरते नागपुरात, वास यायच्या आधीच आईला कळते. दोन्हीकडे चालते. घ्या, फुकट.

फुटाळाकाठ :

कोराडीरोड, तू दोन ओळींत सगळ्यांवर मात करतोस, बे. 'उतरणे'त वस्तू आणि मन दोन्ही येतात, आणि 'वास यायच्या आधीच कळते' हे तर फारच खरं.

पण काल रात्री मी एक उद्योग केला, त्यानं माझा घोळ वाढला. २००० ते २००५ ची जुनी चित्रं काढून बसलो. भाजी उतरते म्हणजे सकाळी ती चांगली होती. इथं सकाळीसुद्धा तसं नव्हतं. साताठ चित्रं अजूनही हसवतात, आणि मग एखादं असं येतं की चेहरा वाकडा होतो : बायकांवरचं, नाहीतर 'बायल्या' छापाचं काहीतरी. तेव्हाही तिथंच होतं ते. नेट कॅफेत तिघांपैकी एकालाही टोचलं नव्हतं. मूठभर दाणे तोंडात टाकताना एखादा खवट आला तरी आपण बाकीच्यांबरोबर चावून गिळतो ना, तसं गिळलं होतं.

इतवारीची सून :

म्हणजे खवट दाणा होताच, जीभ नंतर आली.

फुटाळाकाठ :

हो. आणि म्हणून मी फिरून आईच्याच शब्दाशी आलोय. 'होत नाही'. ही पँट मला होत नाही म्हणताना पँट आटली की पोट सुटलं, ते मराठी बोलतच नाही, पँटवालाही नाही. पुण्याच्या मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "'कॉमिक मला होत नाही' म्हणजे तुला वाचणं जमत नाही असं वाटेल." वाटू दे. एका परीनं तेही खरंच आहे.

भाच्याला आज तेच सांगितलं. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "मग मला होईल का?"

तो बारा वर्षांचा आहे. अजून उत्तर दिलेलं नाही. शर्ट कूलरच्या टाकीवर वाळत घातलाय.