फिल्टर धुऊनही हूडमधून कढईत तेल ठिबकतं

वडेवाला: दोन बर्नरवर दिवसभर तळण, शेजारी इडलीचा स्टीमर, वर एकच हूड (धूर ओढणारं छत). अ‍ॅल्युमिनियमचे बॅफल फिल्टर (तेल अडवणाऱ्या खाचांच्या जाळ्या) दर आठवड्याला कॉस्टिक सोड्यात बुडवून धुतो. तरी दुपारनंतर हूडच्या पुढच्या कडेवरून पिवळट थेंब पडतात. फिल्टर बदलू का?

चिकटा: बदलाच, पण आधी कारण समजून घ्या. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं. त्यातून हायड्रोजन वायू निघतो नि पत्र्याला बारीक खड्डे पडतात. मग त्या खड्ड्यांतलं तेल कितीही घासा, निघत नाही. स्टेनलेस स्टीलचे (एसएस ३०४) दोन संच घ्या, एक वर, एक धुण्यात. दिवसभर तळण असेल तर धुणं रोज रात्री. कडक गरम पाणी, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण), २०–३० मिनिटं भिजवणं, ब्रश. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

बसवताना खाचा उभ्या हव्यात, फिल्टर आडव्या रेषेपासून किमान ४५ अंश कललेला. खाचा आडव्या झाल्या की तेल फिल्टरखालच्या पन्हळीकडे न ओघळता खाचेतच साचतं. पन्हळीची भोकं तुंबली असतील तर तेल कडेवरून येणारच. पन्हळीतलं तेल जमा होणारा डबाही रोज रिकामा करा.

उलटा_वारा: माझा संशय स्टीमरवर. वाफ गार पत्र्यावर पाणी होते आणि जुना चिकटा घेऊन खाली येते. ब्लोअर (हूडची हवा बाहेर ओढणारा पंखा) बर्नरच्या १० मिनिटं आधी सुरू करा, काम संपल्यावर १५ मिनिटं चालू ठेवा. हूडच्या कडेला टिश्यू धरा. तो आत ओढला गेला नाही तर ओढ कमी आहे. स्टँडचा पंखा हूडकडे तोंड करून ठेवलाय का? (बहुतेक स्वयंपाकघरांत असतोच!) तो धूर बाहेर ढकलतो.

बाहेरची ताजी हवा आत येत नसेल तर ब्लोअर मोरीतली, संडासाच्या बोळातली हवा ओढतो. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) शेड्यूल ४मधल्या स्वच्छतेच्या नियमांप्रमाणे अस्वच्छ भागाकडून स्वच्छ भागाकडे हवा वाहता कामा नये.

डक्ट_दारू: फिल्टर सगळं अडवत नाही, तेलाची वाफ पुढे जाऊन डक्टमध्ये (हूडमधून धूर बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या नळीत) थिजते. वळणावर नि आडव्या लांबीत दर १२ फुटांवर उघडता येणारं झाकण हवं, नाहीतर साफ करणार कुठून? थर २ मिमीच्या आसपास गेला की उघड्या पत्र्यापर्यंत खरवडायचा. अमेरिकेच्या एनएफपीए ९६ या अग्निसुरक्षा मानकात जास्त तळणाऱ्या स्वयंपाकघरांसाठी तपासणी दर ३ महिन्यांनी आहे, तेवढी पाळा.

डक्ट साफ करायच्या दिवशी गॅस बंद, ब्लोअरची वीज मुख्य स्विचवरून तोडलेली, ओट्यावर नि भांड्यांवर प्लास्टिक. ब्लोअरपासून सुरू करून खाली या. पात्यांवर असमान चिकटा राहिला तर पंखा थरथरतो, बेअरिंग जातं. शेवटी ओटा धुऊन निर्जंतुक करा.

आणि थ्री-फेज वायरिंगला हात लागला असेल तर ब्लोअरची फिरण्याची दिशा त्यावरच्या बाणाशी ताडून पाहा. सेंट्रीफ्यूगल (गोल पिंजऱ्यासारख्या पात्यांचा) ब्लोअर उलटा फिरला तरी थोडी हवा ओढतोच, म्हणून लक्षात येत नाही.

वडेवाला: फिल्टरच्या खाचा आडव्याच आहेत! पन्हळही तुंबलेली. कोळशाचा तंदूर याच हूडखाली लावला तर?

डक्ट_दारू: नको. ठिणगी वर जाते आणि डक्टमध्ये तेल आहे. कोळशाला स्वतंत्र हूड, स्वतंत्र डक्ट, स्वतंत्र ब्लोअर, आणि तपासणी दर महिन्याला.